अक्काचा चिखल

अक्का सरपंच झाली आणि तिनं पहिला हुकूम काढला, "सायेब येतील तवा रस्त्यावर मुरूम टाकायचा न्हाई."

वारंगा फाट्याकडून आमच्या गावाला येते ती काळ्या मातीची वाट. साहेब रस्त्याच्या पाहणीला येणार असले की गाव ट्रॅक्टरनं मुरूम आणून पसरायचं. पाहुण्याची गाडी फसू नये, एवढंच मनात. साहेब चहा घेत, "रस्ता बरा आहे" म्हणत आणि निघून जात.

मी दुसरी शिकलेला, पण ताठ माणूस. अक्काशी भांडलो. "पाहुण्याला चिखलातून आणायचं? गावाची इज्जत हाय का न्हाई?"

"बापू, बरा रस्ता पाहून कोन नवा रस्ता देईल?"

मी तणतणत तिथून निघून गेलो.

मग साहेब आले. अक्कानं गाडी फाट्यावरच थांबवली. "बूट हातात घ्या सायेब. आमची लेकरं अशीच शाळेला जातात." साहेबांनी ऐकलं नाही. एक बूट चिखलात गेला तो गेलाच. गाव हसलं. अक्का हसली नाही. तांब्यानं त्यांच्या पायावर पाणी घालत म्हणाली, "आता लिवा."

त्यांनी लिहिलं. रस्ता आराखड्यात आला. निधी मात्र हिंगोलीच्या बैठकीत ठरायचा. अक्का तिथं बाहेर बाकड्यावर बसून राही. एकदा आत घुसली आणि म्हणाली, "आमचा रस्ता ठरवून राहिले, त्यातलं कोन त्या रस्त्यानं चाललंय? हात वर करा." एकही हात वर झाला नाही. रस्ता दुसऱ्या तालुक्यात गेला. "पुढल्या साली बघू," म्हणाले. ती दर साली जात राहिली.

यंदा भर पावसात तिच्या छातीत कळ आली. ॲम्ब्युलन्स फाट्यावरच थांबली. पोरांनी बाजेवर घालून नेलं. मी बाजेला हात लावून चालत होतो. अर्ध्या वाटेत ती म्हणाली, "बापू, सायबाला बोलवा. आता दाखवा." पुढं बोलली नाही.

शोकसभेला पुढारी येणार होते. आदल्या दिवशी ट्रकनं मुरूम आला. आमच्याच पोरांनी पसरला. मी फावडं घेऊन आडवा आलो. "म्हातारं येडं झालं," म्हणत त्यांनी मला उचलून ओट्यावर नेऊन बसवलं.

पुढाऱ्यानं डोळे पुसले. म्हणाला, "अक्कांनी गावाला किती चांगला रस्ता दिला!" मी ओरडलो. माइकपुढं माझा आवाज कोणाला ऐकू गेला नाही.

चार पावसांत मुरूम वाहून गेला. मी रोज फाट्यावर जाऊन बसतो. अक्का, चिखल हाय तसा हाय. सायेबच येत न्हाईत.