घरी आलेले आठ कीबोर्ड

दुसऱ्या रांगेतल्या बाईंनी हात वर केला, तेव्हा सराव सुरू होऊन चार मिनिटं झाली होती.

मी मागच्या भिंतीजवळ उभा होतो. लातूरच्या त्या परीक्षा केंद्रात दीडशे नवे मेकॅनिकल कीबोर्ड बसवले होते आणि ते चांगले असल्याच्या प्रमाणपत्रावर माझी सही होती. कारकुनांच्या भरतीची टायपिंग परीक्षा शनिवारी होती. हा गुरुवार. उमेदवारांना नव्या कीबोर्डवर हात बसवायला बोलावलं होतं.

बाईंचं नाव सुनीता बिराजदार. औशाहून पहिल्या एसटीनं आल्या होत्या. सकाळी नाव नोंदवताना त्यांनी आपणहून सांगितलं होतं की वयाच्या अटीत त्यांची ही शेवटचीच परीक्षा.

"सर, माझ्या हाताला काय झालंय बघा. एकदा दाबलं तर दोनदा उमटतंय."

केंद्रप्रमुख बिडवे सर पुढं झाले. "घाबरलात ताई तुम्ही. हात थरथरला की होतं असं."

"घरी न्हाई होत हो असं कधी."

"नवीन हाय ना. दोन तासांत बसेल हात."

बाईंनी तळवे ओढणीला पुसले आणि पुन्हा टाइप करायला लागल्या. पण आता हळू, प्रत्येक बटणावर बोट ठेवताना दचकत. या परीक्षेत मागं जाऊन खोडता येत नाही. उमटलं ते उमटलं, आणि चूक मोजली जाते.

त्यांच्या खांद्यावरून मी स्क्रीन पाहिली. मधूनच एखादं अक्षर दोनदा उमटलेलं होतं.

माझं काम थोडं सांगतो. मी नांदेडला पॉलिटेक्निकमध्ये शिकवून निवृत्त झालो. त्यानंतर थर्ड पार्टी इन्स्पेक्शन करू लागलो. म्हणजे माल घेणारा नाही, विकणारा नाही, असा तिसराच माणूस माल तपासतो आणि सही करतो. दीडशे नग कुणी एकेक तपासत नाही. ढिगातून हाताला येतील ते काही नमुने उचलायचे, ते तपासायचे आणि त्यावरून ढीग पास करायचा. सगळी भिस्त उचलण्यावर असते. नमुना तपासणाऱ्यानं स्वतः उचलायचा.

साध्या कीबोर्डमध्ये बटणांखाली रबराचा एक सलग पडदा असतो. मेकॅनिकलमध्ये प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र स्विच, एक स्प्रिंग आणि धातूच्या दोन पट्ट्या. बटण दाबलं की पट्ट्या टेकतात आणि अक्षर उमटतं. पट्ट्यांमध्ये धूळ गेली तर त्या एकदा टेकून सुटतात आणि पुन्हा टेकतात. माणसानं एकदाच दाबलेलं असतं, संगणक दोनदा मोजतो. याला आम्ही चॅटर म्हणतो. तो दर वेळी होत नाही. दहा वेळा दाबा, काही नाही. अकराव्या वेळी होतो. म्हणून टाइप करणाऱ्याला वाटतं, आपलंच बोट चुकलं.

हॉलमध्ये दीडशे माणसं होती. हात एकट्या सुनीताताईंनी वर केला होता. बाकीच्यांना काय वाटत असेल, हे मला त्यांच्या खाली घातलेल्या मानांवरून दिसत होतं.

माझी भीती मात्र चॅटरपाशी थांबली नव्हती. प्रमाणपत्रात एक ओळ असते: 'नमुने मी स्वतः साठ्याच्या जागी जाऊन निवडले.' ती छापलेलीच असते, खाली फक्त सही करायची. मी साठ्याच्या जागी गेलोच नव्हतो.

तपासणीच्या आठवड्यात सुमनचं वर्षश्राद्ध होतं. सुमन माझी पत्नी. नांदेडच्या एका टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये तिनं आयुष्यभर मुलींना टायपिंग शिकवलं. तपासणीचे कीबोर्ड मी घरी आणायचो. माझं मीटर आणि सॉफ्टवेअर झालं की ती बसायची. तिनं रचलेली एक ओळ होती, तीत जवळजवळ सगळी बटणं यायची. डोळे मिटून ती ओळ पन्नासेक वेळा टाइप करायची आणि म्हणायची, "हा तोतरा आहे. परत द्या." कुठलं बटण, तेही सांगायची. माझ्या मीटरला ते बऱ्याचदा दिसलेलं नसायचं.

श्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी माल पुरवणारे गंगणे घरी आले. सुमनच्या फोटोला हात जोडले आणि आठ कीबोर्डांचं खोकं टेबलावर ठेवलं. "सर, अशा दिवसांत तुम्ही लातूरला कशाला हेलपाटा मारता. मीच घेऊन आलो." आमच्याकडे दुखवट्याच्या घरातल्या माणसाला कुणी बाहेर काढत नाही, लोक काम घेऊन दारात येतात. मला बरं वाटलं होतं. आठही कीबोर्ड मीटरवर उत्तम आले. सुमनची ओळ मी टाइप केली नाही. तिच्या खुर्चीत बसवेना. सही करून दिली.

सराव संपला आणि हॉल रिकामा झाला. मी पहिल्या रांगेत बसलो, डोळे मिटले आणि ती ओळ टाइप करायला लागलो. पहिला ठीक. दुसरा ठीक. तिसऱ्याला उजव्या करंगळीखाली एकच अक्षर दोनदा आलं. वीस कीबोर्ड पाहिले. सात खराब.

तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. हॉलमधल्या प्रत्येक कीबोर्डवर केंद्राच्या क्रमांकाचा स्टिकर होता. घरी आलेल्या आठांवर नव्हता. ते सीलबंद होते. तेव्हाही दिसलं होतं. विचारलं नव्हतं.

गंगणेंना फोन केला. "स्टिकर कुठं लावले?"

"गोदामात, सर. मेव्हण्याच्या दाळ मिलला लागून हाय. चार दिवस पोरीबाळी बसवून सगळी खोकी फोडली, स्टिकर लावले, मग पाठवलं. का बरं?"

मी रिक्षानं एमआयडीसीत गेलो. दुपार होती. मिल चालू होती, तुरीची दाळ पडत होती. गोदामाच्या दारावर, पत्र्यावर, रिकाम्या खोक्यांवर, सगळीकडे पिवळसर पावडरीचा थर होता, पिठाहून बारीक. खोक्यावर बोट फिरवलं तर रेघ उमटली. मी ते बोट रुमालात पुसलं आणि बराच वेळ तिथंच उभा राहिलो. परत जाऊन कुणाला काही सांगितलंच पाहिजे असं नव्हतं, हे माझ्या ध्यानात आलं होतं.

गंगणे आले. रुमालातली पावडर पाहिली आणि कपाळावर हात मारला.

"पुसून घेतो ना सर. दोन माणसं लावतो."

"स्विचच्या आत गेलीय. पुसून निघत नाही."

"सर, तुमच्या दुःखात तरास नको म्हणून मी घरी आलो. त्याचं हे फळ व्हय?"

त्यांच्या मनात खोट नव्हती. होती ती माझ्या सहीत.

केंद्रात परतलो तेव्हा चार वाजले होते. बिडवे सर बैठकीचे क्रमांक लावत होते.

"सर, हे कीबोर्ड वापरता येणार नाहीत."

"काय बोलायलात, वट्टमवार सर? तुमचीच सही हाय ना?"

"माझीच आहे."

"नमुने स्वतः जाऊन निवडले म्हणून लिहिलंय."

"लिहिलंय."

"गेला होतात?"

"नाही."

ते खुर्चीत बसले. बाहेर शिपाई फळा पुसत होता, त्याचा आवाज येत होता.

"मग हे मला कशाला सांगता? बारीक चूक. पोरांच्या हातावर ढकलली गेली असती. कुणाला कळलं असतं?"

"कुणालाच नाही," मी म्हणालो. "म्हणूनच सांगतोय."

त्यांनी पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला. मग म्हणाले, "लिहून द्या. आणि दीडशे कीबोर्ड कुठून आणायचे, तेही तुम्हीच सांगा."

प्रमाणपत्र मागं घेतल्याचं पत्र मी तिथंच हातानं लिहिलं. कारण लिहिलं: 'नमुने मी निवडले नव्हते.' एवढ्या चार शब्दांना अर्धा तास लागला.

कीबोर्ड मिळाले. लातूरच्या एका डिप्लोमा कॉलेजात माझा जुना विद्यार्थी लॅब सांभाळतो. त्याच्याकडचे साधे, रबरी पडद्याचे, अक्षरं पुसट झालेले कीबोर्ड शुक्रवारी सकाळी टेम्पोतून आले. या वेळी मी नमुने घेतले नाहीत. दीडशेच्या दीडशे तपासले. प्रत्येकावर सुमनची ओळ, डोळे मिटून. संध्याकाळी पाचपर्यंत बसलो. शंभराच्या पुढं बोटं सुजली. पण ती ओळ मला आता न अडखळता येते. एवढे दिवस येत नव्हती.

शनिवारी मी केंद्राच्या फाटकाबाहेर चहाच्या गाडीपाशी थांबलो. आत जायचा मला आता अधिकार नव्हता. पहिली तुकडी सुटली. सुनीताताई माझ्याकडेच आल्या.

"सर, कीबोर्ड बदलले जणू?"

"हो. तुमच्या हाताला काही झालेलं नव्हतं, ताई. कीबोर्ड खराब होते. ते मीच पास केले होते."

मला वाटलं, आता त्या मला बोल लावतील. लावायलाच हवे होते.

"दोन दिवस झाले, जेवले न्हाई मी," त्या म्हणाल्या. "आईला म्हनलं, हातच गेला माझा."

मी मान खाली घातली. चहावाल्याला दोन बोटं दाखवली. त्यांनी चहा घेतला, अर्धा प्याल्या आणि म्हणाल्या, "तीन चुका झाल्या आज. तिन्ही माझ्याच हायत."

त्या पास झाल्या. हे मला बिडवे सरांनी फोनवर कळवलं. त्याच फोनवर, माझं नाव तपासणीसांच्या यादीतून काढल्याचंही सांगितलं. मेकॅनिकल कीबोर्ड गंगणेंनी कंपनीला परत पाठवले. आमचं बोलणं नंतर झालेलं नाही. खासगी कामं अजून अधूनमधून येतात. त्यांत मी छापील ओळ वापरत नाही, हातानं लिहितो. लिहायला वेळ लागतो, तेवढ्या वेळात खोटं लिहायचं धाडस उरत नाही.

नव्यानं या कामात येणाऱ्यांना एवढंच सांगतो. नमुना कुणी घरी आणून दिला, तर चहा द्यावा. सही देऊ नये.