चांदणीतून सुटलेल्या पाच वस्त्या

मी कम्प्युटर साखर कारखान्यात शिकले असं सांगितलं की लोक हसतात. हसू देत. ऐंशीच्या दशकाच्या शेवटाकडं आमच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या एका सहकारी कारखान्यानं मशीन घेतलं, तेव्हा शहरातल्या भल्याभल्या शहाण्यांनी ते डोळ्यानं बघितलंही नव्हतं. मी तिथं शेतकी विभागात टायपिस्ट होते. गावाबाहेरच्या बौद्ध वस्तीतली, मॅट्रिक झालेली, टायपिंगच्या दोन परीक्षा पास झालेली आणि कुणाचं ऐकून न घेणारी. हा शेवटचा गुण नोकरीच्या अर्जात लिहिला नव्हता.

मशीनच्या खोलीला पडदे लागले, कूलर लागला, नारळ फुटला. आत जाताना चपला बाहेर काढायच्या. दुष्काळाचं साल होतं, गावोगाव टँकरची वाट बघत बाया बसलेल्या, आणि इथं मशीनला ऊन लागू नये म्हणून कूलरला रोज दोन घागरी पाणी. ते पाणी मी भरणार नाही, असं मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. मग शिपाई भरू लागला.

पुण्याचा एक इंजिनिअर आठ दिवस राहून मला शिकवून गेला. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटत, तिथं हुकूम टाइप करायचा. उसाच्या नोंदीच्या रजिस्टरातलं एकेक पान म्हणजे मशीनमधली एकेक फाइल. फाइलीचं नाव म्हणजे त्या पानावरची खूण, म्हणजे गावाची तीन इंग्रजी अक्षरं आणि पुढं नंबर. रजिस्टरात असेल तसंच टाइप करा, डोकं चालवू नका, असं त्यानं बजावलं. मी मक्षिका स्थाने मक्षिका टाइप केलं. दोन महिन्यांत सगळं रजिस्टर आत घातलं आणि एकही चूक नाही म्हणून मिरवलंही.

त्यानं शिकवलेली सगळ्यात गमतीची गोष्ट म्हणजे चांदणी, म्हणजे * ही खूण. एकेका फाइलीचं नाव घेत बसायचं नाही, चांदणी टाकायची. चांदणी म्हणजे या जागी काहीही असो, कितीही असो, सगळं चालेल. प्रश्नचिन्ह म्हणजे एकच अक्षर, पण कुठलंही. बेंबळीची तीन अक्षरं टाकून पुढं चांदणी दिली की बेंबळीची सगळी पानं हजर. नुसतीच चांदणी दिली की सगळी गावं हजर. असं त्यानं सांगितलं आणि तो गेला.

सांगितलं म्हणून मानायचं हा माझा स्वभाव नाही. एको नावाचा एक हुकूम होता. तो फायलींना हात लावत नसे, चांदणीत कोण कोण आलं त्यांची नावं तेवढी पडद्यावर लिहून दाखवी. मी एक वही केली. डाव्या बाजूला काय यायला हवं ते आधी लिहायचं, मग एको करून उजवीकडं काय आलं ते लिहायचं. शेतकी अधिकाऱ्यांनी एकदा ती वही बघितली आणि विचारलं, की बाई, मशीनची परीक्षा घेताय का? मी व्हय म्हणाले.

त्या हिवाळ्यात विहिरी बसल्या. ऊस उभ्या उभ्या वाळायला लागला, तेव्हा संचालकांनी ठरवलं की ज्याच्या विहिरीनं आधी दम सोडला त्याचा ऊस आधी तोडायचा. नोंदीत विहिरीचं पाणीही लिहिलेलं होतं, त्यामुळं मशीननं तशी यादी काढावी असा हुकूम झाला. मी नुसती चांदणी दिली, यादी छापली, आणि ती लांबलचक पट्टी ऑफिसबाहेरच्या फळ्यावर लागली.

दुसऱ्या दिवशी माझे चुलते आले. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. आमच्या वस्तीतल्या चौदा घरांनी मिळून शेतीची सोसायटी केली होती आणि आबा तिचे चेअरमन होते. सरकारनं दिलेली मुरमाड जमीन, दगड फोडून खणलेली एक विहीर आणि त्या विहिरीवर पहिल्यांदाच लावलेला ऊस, एवढी ती सोसायटी. विहिरीवरचा पंप आता दिवसाला पाऊण तास चालत होता. आबांनी यादी वरपासून खालपर्यंत दोनदा बघितली होती. आमचं नाव तीत नव्हतं.

नोंदीची पावती त्यांच्या हातात होती. पावतीवर खूण होती. मी ती मशीनमध्ये टाकली, तर अशी फाइल नाही असं उत्तर आलं. ते पान मी स्वतः टाइप केलेलं मला चांगलं आठवत होतं.

शेतकी अधिकारी म्हणाले, "आडात न्हाय तर पोहऱ्यात कुठून येणार? मशीनमधी न्हाय म्हंजे नोंद न्हाय."

पावतीचं काय, असं आबांनी विचारलं. त्यावर ते म्हणाले की यादीच्या तळाला हातानं नाव लिहून देतो. तळाला म्हणजे दोन महिन्यांनी. तोवर तो ऊस जनावरांपुढं टाकायच्याही लायकीचा राहिला नसता. मग माझ्याकडं बघून ते हसले आणि म्हणाले, की टाइप तुम्हीच केलंय, आता आपली माणसं मधेच घुसवू नका. मला संताप आला. मी आबांना बाहेर बसवलं आणि वही उघडली.

चोर कुठं आहे हे माहीत नसेल तर दारं एकेक करून तपासायची. रजिस्टरातल्या खुणांमध्ये काय काय येतं ते मी लिहून काढलं. अक्षर, आकडा, आडवी रेघ, टिंब. मग मशीनमधल्या एका वेगळ्या कप्प्यात रिकाम्या फायली तयार केल्या. कुणाच्या नावाच्या सुरुवातीला आकडा, कुणाच्या मध्ये रेघ, कुणाच्या शेवटी टिंब, असं करत बारा झाल्या. डावीकडं बारा नावं लिहिली आणि एकोपुढं नुसती चांदणी दिली. उजवीकडं अकरा आली. पुन्हा केलं, पुन्हा अकराच. न आलेलं नाव होतं ते सुरुवातीलाच टिंब असलेलं.

मग मी आधी टिंब आणि पुढं चांदणी देऊन खऱ्या फायलींना हाक मारली. पहिल्यांदा नुसतं एक टिंब आणि नुसती दोन टिंबं आली. ती मशीनची स्वतःची होती. त्यांच्यामागून पाच नावं आली. त्यात आमची वस्ती होती. बाकीच्या चार कुठल्या हे पावतीशिवायही मला कळलं. एक येडशीच्या वाटेवरची, एक जळकोटकडची, दोन बेंबळीच्या अंगाच्या. चारही आमच्यासारख्याच, गावाबाहेरच्या.

चांदणी म्हणजे सगळे, पण टिंबानं सुरू होणारे सोडून. हे इंजिनिअरनं सांगितलं नव्हतं. बहुधा त्याच्या डोक्यातही आलं नसेल.

रजिस्टर काढलं. त्या पाच पानांवर खुणेच्या आधी लाल शाईचं एकेक टिंब होतं. वस्तीचं पान असलं की जुने कारकून तसं टिंब द्यायचे. अर्थ एवढाच, की हे मागाहून बघायचं. पावतीवर ते देत नसत, फक्त आतल्या रजिस्टरात. आणि मी ते पाचही वेळा जसंच्या तसं टाइप केलं होतं.

खरं सांगायचं तर ते टिंब मला नवीन नव्हतं. शाळेच्या हजेरीपटात आमच्या पोरांच्या नावाआधी तसंच टिंब असायचं. आम्हाला सगळ्यात शेवटी पाटी तपासायला बोलवायचे. टाइप करताना मी त्या टिंबाला ओळखलं होतं. ओळखून पुढं गेले होते, कारण एकही चूक नाही असं मला मिरवायचं होतं. त्या दुपारी मला सगळ्यात जास्त राग माझाच आला.

शेतकी अधिकाऱ्यांना दाखवलं. त्यांनी आवाज खाली केला आणि म्हणाले की तुमच्या सोसायटीचं टिंब काढून टाका, यादीत वर घेतो, गाजावाजा नको. बाकीच्या चारांचं काय, असं मी विचारलं. त्यांची तक्रार कुठं आलीय, असं ते म्हणाले. मी वही उचलली आणि कार्यकारी संचालकांच्या केबिनमध्ये गेले. साहेब, हातच्या काकणाला आरसा कशाला, मशीनच्या खोलीत चला, असं म्हणाले. ते चपला काढून आले. मी चांदणी दिली, मग टिंब आणि चांदणी दिली. त्यांनी पाच नावं मोठ्यानं वाचली.

नवी यादी काढावीच लागणार होती, कारण दुष्काळात कारखान्यालाही ऊस हवाच होता. पण पहिली यादी संचालकांनी मंजूर केलेली, ती का बदलली याचं कारण कागदावर हवं होतं. चार वाजता बैठक होती. शेतकी अधिकाऱ्यांनी मजकूर तयार करून माझ्यापुढं ठेवला. टंकलेखिकेच्या निष्काळजीपणामुळे पाच नोंदी राहून गेल्या, सबब यादी बदलावी. खाली माझ्या सहीची जागा.

"सही करा," ते म्हणाले. "सही झाली की उद्या तोडणीच्या टोळ्या सुटत्यात. न्हाय तर बसा."

दाराबाहेर बाकावर आबा बसले होते. मी कागद घेऊन त्यांच्याकडं गेले आणि वाचून दाखवला. सही केली तर नोकरी जाऊ शकते, हेही सांगितलं.

आबा म्हणाले, "ऊस वाळंल, फुडच्या साली पुना लावू. पर खोट्यावर सही करू नगं."

पुढच्या साली लावायला विहिरीत पाणी कुठून येणार होतं, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. मी आत गेले. शेतकी अधिकाऱ्यांचा तो कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर पेनानं लिहिलं: 'पाच वस्त्यांच्या पानांवर कार्यालयानं दिलेलं लाल टिंब मी जसंच्या तसं टाइप केलं. त्यामुळं त्या यादीत आल्या नाहीत. ते टिंब का देतात हे मला माहीत होतं. मी विचारलं नाही, ही माझी चूक. यापुढं विचारीन.' खाली पूर्ण नाव, वस्तीचं नाव आणि सही.

शेतकी अधिकारी म्हणाले, हे बैठकीत जाऊ शकत नाही. कार्यकारी संचालकांनी ते दोनदा वाचलं, घड्याळ बघितलं आणि फाइलीत घातलं. ते धाडसानं घातलं की चार वाजत आले होते म्हणून, हे मला आजही सांगता येत नाही.

तिसऱ्या दिवशी टोळी आमच्या वस्तीवर उतरली. चौथ्या दिवशी मला मेमो आला: निष्काळजीपणा आणि उद्धट भाषा. पुढं निवृत्त होईपर्यंत तीनदा साहेब बदलले, आणि प्रत्येकानं सुचवलं की बाई, एक अर्ज करा, तो मेमो सर्व्हिस बुकातून काढून टाकू. मी अर्ज केला नाही. माझं ते लिखाण मेमोला जोडलेलं होतं, मेमो गेला असता तर तेही गेलं असतं.