कातळावरचा वणवा

आधी चहा संपवा, मग सांगतो, नाहीतर हसता हसता सांडाल. आणि हसायचं ते मलाच. या किश्श्यात वेडेपणा करायला दुसरं कुणी नव्हतंच.

पोलादपूरच्या वर, आंबेनळी घाटाच्या अंगाला एक वाडी आहे. तिथल्या शाळेत मी गुरुजी. वाडीचं पोट गुरांवर आणि गुरांचं पोट डोंगरावरच्या गवतावर. गेल्या वर्षी वणव्यात ते सगळं गेलं. वाडीतल्या तारूबाईंनी पाऊस पडेपर्यंत महाडहून पेंढा आणून म्हशी जगवल्या, तरी एक म्हैस शेवटी विकावीच लागली. हल्ली उन्हाळाच असा तापतो की विडीचं थोटूकसुद्धा डोंगर पेटवायला पुरतं.

मग मी पुढाकार घेतला. कुणी सांगितलेलं नसताना पुढाकार घ्यायचा, हा माझा स्वभावच. शाळेच्या ओट्यावर वाडी जमवली आणि शिकवलं, "डोंगरावर आग दिसली की चर्चा करायची नाही. हिरव्या डहाळ्या तोडायच्या आणि धावायचं. आधी झोडपा, मग विचारा." पोरांकडून पाढे घ्यावेत तसं सगळ्यांकडून वदवून घेतलं.

इथवर ठीक होतं की नाही? पण देवाच्या पालखीला कार्यक्रम ठरला आणि मला वाटलं, वणव्यावरच एक नाच करावा. तरुणपणी महाडच्या तालमीत मी बनेटी शिकलो होतो. काठीच्या दोन्ही टोकांना रॉकेलात भिजवलेले चिंध्यांचे बोळे बांधायचे, पेटवायचे आणि काठी गरागरा फिरवायची. वणवा दाखवायचा तर खऱ्या आगीनेच दाखवू, म्हटलं.

तुम्ही म्हणाल, गुरुजी, अक्कल कुठे गेली होती? होती हो. गवताच्या जवळपासही गेलो नाही. वाडीच्या डोक्यावर उघडा कातळ आहे, तिथे काडी उगवत नाही. शेजारी पाण्याची भरलेली बादली ठेवली. दिवस मावळल्यावर मोबाइलवर हलगी लावली आणि सरावाला लागलो. एवढी सगळी काळजी घेतली, फक्त खाली वाडीत सांगायचं राहिलं. आणि खालून कातळ दिसत नाही. खालून दिसते ती नुसती आग.

मी आपला रंगात आलो होतो. बघतो तर पायवाटेने अख्खी वाडी वर येतेय आणि प्रत्येकाच्या हातात हिरवी डहाळी. मला भरून आलं. वाटलं, बातमी फुटली आणि लोक डहाळ्या नाचवत माझ्या साथीला आले. मी काठी आणखी जोरात फिरवली. वर एक उडीही मारली.

"ह्यो बघा, पळतोय कसा," तारूबाईंचे दीर गंगारामदादा ओरडले. "दोन्ही बाजूंनी पेटलाय रे. झोडा."

पहिली डहाळी बनेटीवर बसली, दुसरी माझ्या पाठीवर. "अहो, मी आहे, मी," असं मी म्हणत होतो, पण शिकवलेलं पक्कं बसलं होतं. विचारायचं ते नंतर. शेवटी माझीच बादली माझ्या डोक्यावर रिकामी झाली आणि वणवा विझला.

धूर निवळला. गंगारामदादांनी वाकून बघितलं. "गुरुजी? तुमी हितं काय करताव?"

"नाच," मी म्हणालो.

कुणी हसलं नाही. तारूबाई कातळावर मटकन बसल्या. अनवाणी आल्या होत्या, हाताला पीठ तसंच.

"भाकर तव्यावर टाकून आले," त्या म्हणाल्या. "आग बघितली नि तशीच धावले. यंदा पन म्हस इकायची काय, ह्योच इचार करीत वर आले."

डहाळ्यांच्या मारापेक्षा मला ते बोलणं जास्त लागलं. फार लाज वाटली. बनेटीचे बोळे मी तिथेच सोडून टाकले.

मग तारूबाईंनीच विचारलं, "ती भाकर करपली असंल आता. खाताव काय?" तेव्हा कुठे लोक हसले. आणि हो, खाल्ली मी ती भाकरी, करपलेल्या कडांसकट.

पालखीला नाच झाला, पण आगीशिवाय. बोळ्यांच्या जागी जुन्या लाल लुगड्याच्या पट्ट्या बांधल्या. वणवा कोण होणार यावर चर्चाच झाली नाही, सगळ्यांनी सरळ माझ्याकडे बघितलं. बाकीच्यांनी डहाळ्या घेऊन तो विझवायचा. मी म्हटलं, निदान एकदा तालीम तरी घेऊ.

"कशाला?" तारूबाई म्हणाल्या. "आमची झालीय. तुमी फकस्त वरडू नका, गुरुजी. वणवा वरडत नाय."