एका बटणाचा कॉम्प्रेसर

बास गिटार वाजवणाऱ्या माणसाला बँडमध्ये कोणी विचारत नाही. त्याचा मला कधी त्रास झाला नाही, कारण विचारणारे कोण, तर लग्नात कोट घालून घामाने भिजलेले पाहुणे. त्यांना गाणारा दिसतो, गिटारवाला दिसतो. खालून कोणीतरी गाणं उचलून धरलंय हे त्यांच्या गावी नसतं. वीस वर्षं मी वेंगुर्ल्यापासून मालवणपर्यंत ख्रिस्ती लग्नांत बास वाजवला आणि वीस वर्षं समोरच्यांची मनातल्या मनात कीव केली. कचेरीतली नोकरी पोटासाठी आणि ही कीव माझ्या करमणुकीसाठी, असा माझा संसार होता.

बँड तिघांचा. पहिले मास्तर, बँडचे मालक आणि कीबोर्डवाले. शाळेतून निवृत्त झाले तरी चर्चमधलं गायन अजून तेच शिकवतात. दुसरा त्यांचा पुतण्या, गोव्यात हॉटेलात नोकरीला, सुट्टी काढून यायचा, गिटार वाजवायचा आणि गायचाही. ड्रमचं काम मास्तरांचा कीबोर्डच करायचा. तिसरा मी.

गणपती झाल्यावर एका रविवारी तालमीला गेलो, तर मास्तरांनी कीबोर्डवरचं फडकंसुद्धा काढलं नव्हतं.

"तुजो बास आयकाक येणा नाय रे," ते म्हणाले. "नुसतो गुरगुरता. मी डाव्या हातान खालचे सूर वाजयतंयच. मगे दोगांनी कित्या वाजवूचा?"

माझ्या मते माझा बास ऐकू न येण्याचं कारण त्यांचा तो डावा हातच होता. कीबोर्डच्या खालच्या पट्ट्या दाबून दाबून ते असा काही चिखल करत की त्यात माझा सूर रुतून बसायचा. इतकी वर्षं मी ते सहन केलं, कारण मास्तर वयाने मोठे आणि बँड त्यांचा.

"नोव्हेंबरात लगीन आसा," ते पुढे म्हणाले. "त्या लग्नात आयकाक इलो तर बरां. नायतर जानेवारीपासून बास माजोच."

म्हणजे एका लग्नावर माझी जागा. घरी येताना मला संताप आला, आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटली. कचेरीत मी आहे काय आणि नाही काय. बास सोडला तर माझ्याकडे माझं म्हणावं असं काही उरत नव्हतं.

पुतण्याने लगेच अक्कल पाजळली. "अंकल, तुमका कॉम्प्रेसर होयो." एवढं बोलून थांबला असता तर त्याला मी शहाणा म्हटलं असतं. पण त्याने फोनवर सहा-सात बटणांचा एक डबा दाखवला आणि थ्रेशोल्ड, रेशो, अटॅक, रिलीज अशी पोपटपंची सुरू केली. "अटॅक किती मिलिसेकंद ठेवतल्यात?" असं त्याने मला विचारलं. ज्याला वॉल्ट्झच्या नाचात तीन मात्रा मोजता येत नाहीत, तो मिलिसेकंद मोजायला निघाला होता. वर म्हणे कोणा परदेशी बासवाल्याकडे हाच डबा आहे. त्या बासवाल्याकडे बोटंही आहेत, असं मी म्हणणार होतो.

पण कल्पना चुकीची नव्हती. कॉम्प्रेसरचं काम सोपं आहे. माझी जाड तार मोकळी वाजली की धडाम आवाज येई आणि बारीक तारेवर गेलो की सूर गायब. कॉम्प्रेसर जोरातला सूर दाबतो, हळू असलेला वर उचलतो आणि सगळे एका उंचीवर आणतो. गोम एवढीच की त्याने सूर फार चटकन दाबता कामा नये. बोट तारेवर पडतं तो पहिला ठोका निसटून पुढे गेला पाहिजे, मग मागचं शेपूट आवळायचं. ठोका राहिला तर बास छातीवर आदळतो, दाबला गेला तर उशीत तोंड खुपसून बोलल्यासारखा येतो. यासाठी सहा बटणं कशाला हवीत?

मी बायकोला घेऊन मडगावला गेलो. तिला तिथे खरेदी होती आणि मला दुकानात एकटं जायचं नव्हतं. वाद्यांच्या दुकानातला विक्रेता मी जन्मात पाहिलेल्या सर्वांत कंटाळलेल्या माणसांपैकी एक होता. माझे पिकलेले केस पाहून त्याने आधी हार्मोनियमकडे बोट दाखवलं. बासचा कॉम्प्रेसर म्हटल्यावर, "मुलासाठी का?" मी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने निमूटपणे तीन पेडल, पायाने चालवायचे डबे, काउंटरवर मांडले.

पहिला पुतण्याचा सहा बटणांचा. मी बटणं फिरवत बसलो आणि दर वेळी काहीतरी बदललं, पण चांगलं काय झालं ते कळेना. दुसऱ्यात लुकलुकणारे दिवे होते. दिवे पाहत वाजवणाऱ्यांसाठी ते असावेत. तिसरा हातात मावणारा, एकच बटण आणि पायाने दाबायचा एक खटका. आतला वेग बनवणाऱ्याने आधीच ठरवून टाकलेला, आपण फक्त किती हवं ते सांगायचं. तिन्हींवर मी एकच चाल वाजवली, वॉल्ट्झची, जाड तारेवरून बारीक तारेवर जाणारी. विक्रेता फोनमध्ये बघत होता.

बायको स्टुलावर पिशव्या घेऊन बसली होती. तिला संगीतातलं ओ की ठो कळत नाही, म्हणून तिचं मत मला भरवशाचं वाटतं.

"पयल्यात तुमी उशीखाली वाजयतास असां वाटता," ती म्हणाली. "दुसऱ्यात काय फरकच नाय. ह्यो बरो. ह्येच्यात दारार कोणी थाप मारल्यासारखी येता."

बटण पूर्ण फिरवलं तर मागे सूं असा आवाज येई आणि ठोकाही चपटा होई. घड्याळात दहा वाजताना लहान काटा असतो तिथे ते ठेवलं की सूर सारखे आणि ठोका शाबूत. मी तो घेतला. विक्रेता म्हणाला, "नवशिक्यांना हा बरा." त्याच्या त्या वाक्यावर मी बांद्यापर्यंत बसमध्ये धुमसत होतो.

दसऱ्याला बायकोने बासबरोबर त्या पेडलचीही पूजा केली. हळद-कुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं. मी बटणावर कुंकू पडू नये म्हणून हात आडवा धरला, तेव्हा ती म्हणाली की देवापेक्षा तुमका बटणाची काळजी. मला खरोखरच होती.

लग्न वेंगुर्ल्याजवळच्या एका गावात होतं. सकाळी चर्चमध्ये मिसा झाली आणि दुपारी हॉलमध्ये जेवणखाण, नाच. पुतण्याने माझा पेडल पाहून तोंड वाकडं केलं. "एकच बटण? अंकल, ह्यो खेळण्यातलो आसा." मी पायाने खटका दाबला. नवरा-नवरी जोड्यांच्या रांगेपुढे हॉलभर फिरले, तेव्हाचा ग्रँड मार्च आम्ही वाजवला, आणि पहिल्याच सुराला हॉलच्या खुर्च्या थरथरल्या. एक म्हातारे गृहस्थ ग्लास हातात धरून सरळ माझ्याकडे पाहू लागले. वीस वर्षांत असं कोणी पाहिलं नव्हतं. पुतण्याच्या चेहऱ्यावरची सगळी मिलिसेकंदं उतरली. मला इतका आनंद झाला की मी त्याच्याकडे बघून हसलो, आणि ते हसू चांगलं नव्हतं.

तिसऱ्या गाण्यानंतर मास्तर वाकून म्हणाले, "आता बरो इलो रे आवाज. मी डावो हात काडतंय. आता तूच वाजय."

याचीच तर मी वाट पाहत होतो. चिखल गेला. पुढचा वॉल्ट्झ सुरू झाला, नेहमीचाच, शेकडो वेळा वाजवलेला. खाली फक्त मी.

पहिली ओळ ठीक गेली. मग सूर बदलायची जागा आली आणि माझं बोट तारेवर थांबलं. सूर ठाऊक होता. तरी बोट थांबलं, कसली तरी वाट पाहिली आणि मग पडलं. उशिरा. थोडंसंच, पण त्या एका बटणाने प्रत्येक सूर असा सारखा आणि स्वच्छ करून ठेवला होता की तो उशीरही हॉलभर स्वच्छ ऐकू गेला. पुढच्या बदलाला पुन्हा तेच. नाचणाऱ्या जोड्यांची पावलं अडखळली. नवरी हसत नवऱ्याच्या बुटाकडे बघू लागली, तिला वाटलं त्याचंच चुकतंय.

माझं सगळं शिक्षण डबलबारी भजनात झालेलं. दोन भजनी मंडळं समोरासमोर, बुवा ओळ घेणार, तो जागेवर आला की आम्ही मागच्यांनी ती उचलायची. बुवाच्या आधी तोंड उघडणं हा तिथे मोठा अपराध. त्या सवयीने मी वीस वर्षं मास्तरांचा डावा हात ऐकून मग वाजवत होतो. ज्या हाताला मी चिखल म्हणत होतो, तो माझा बुवा होता.

दोन ओळींनंतर मास्तरांनी डावा हात हळूच परत खाली ठेवला. माझ्याकडे पाहिलं नाही. जोड्या सावरल्या.

जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना विचारलं, "कधीपासून?"

"पैल्यापासून," ते डुकराच्या मटणाच्या सोरपोतेलची ताटली हातात घेऊन म्हणाले. "तू माका आयकतंस आणि मगे वाजयतंस."

"मगे सांगलास नाय कित्या?"

"कित्या सांगू? तुजो आवाजच येय नाय. लोकांका काय कळणार होता?" मग म्हणाले, "सोमवारी सांजचो घराक ये. मी डावो हात मांडयेर ठेवतंय, तू वाजय. होतला."

कोणी माझी कीव करावी याची मला सवय नव्हती. मला ती सहन झाली नाही. दुसऱ्या भागाच्या आधी मी वाकलो आणि ते बटण शून्यावर आणलं, बासचा आवाजही उतरवला. जुनी गुरगुर परत आली. पुतण्या म्हणाला, "अंकल, बास परत गेलो." मी म्हटलं पेडल गरम झाला असेल. त्याने ते मानलं आणि पेडल कसे गरम होतात यावर मला भाषण दिलं. ते मी ऐकून घेतलं.

सोमवारी मी कचेरीतून घरी आलो आणि मास्तर फोन करून परत बोलावतील म्हणून बसून राहिलो. पुढच्या सोमवारीही तेच केलं. जानेवारीत तीन लग्नं होती, ती त्यांनी माझ्याशिवाय, डाव्या हाताने वाजवली.