विकायला काढलेल्या बागेची छाटणी

कुंभारीच्या वाटेवर दगडी बंगला होता. मागं द्राक्षबाग आणि पोटात थंडगार तळघर. गिरणीतल्या एका गोऱ्या साहेबानं तो हौसेनं बांधला, द्राक्षं लावली आणि तळघरात लाकडी पिंपं मांडून दारू मुरवायला घातली. सोलापूरच्या उन्हानं तिचा आंबट शिर्का केला, असं माझे सासरे हसून सांगायचे. पुढं साहेब गेला, बंगला पुण्याच्या एका बाईसाहेबांकडं आला. साहेबाच्या वेली वठल्यावर सासऱ्यांनी नव्या लावल्या. बाग आमच्याकडं नुसती राखायला होती म्हणा. पण बहात्तरच्या दुष्काळात विहिरीच्या तळातून घागरीनं पाणी शेंदून ज्यांनी एकेक वेल जगवली, त्यांनी तिला आपली म्हणू नये तर काय म्हणावं?

छाटणी मी करायची. बायकांनी पाला वेचावा, कात्री गड्याच्या हाती, अशी आमच्याकडची रीत. पण सासऱ्यांचा हात थरथरायला लागला तेव्हा त्यांनी कात्री लेकाला दिली नाही, सुनेला दिली. काडीवरच्या फुगीर गाठीला डोळा म्हणतात. कुठला डोळा घड देणार आणि कुठला नुसता पाला, हे माझ्या बोटाला कळायचं. फुशारकी नाही मारत, होतं ते सांगते.

एका वर्षी दसऱ्याच्या तोंडावर बाईसाहेबांचं पत्र आलं. बंगला बागेसकट विकायचा आहे, बार्शीचे एक व्यापारी बघायला येतील, तोवर बाग हिरवीगार राहू द्या, छाटू नका. व्यापारी कधी येणार ते लिहायचं राहूनच गेलं होतं. मी आठ दिवस कळ काढली, मग माझं डोकं फिरलं. छाटणी लांबली की घड ऐन उन्हाळ्यात सापडतात. विकणारी पुण्यात, घेणारा बार्शीत, आणि वेलीनं म्हणे थांबायचं! तिघीजणी हाताशी घेतल्या आणि चार दिवसांत सगळी बाग छाटली.

आमचे हे कपाळाला हात लावून बसले. आता कामही गेलं आणि राहती खोलीही गेली, म्हणाले. तेवढ्यात निरोप आला, व्यापारी उद्या सकाळी येताहेत. ह्यांनी डोकं लढवलं. शेवटच्या दिवशी छाटलेला पाला बांधावर पडला होता, अजून ताजा होता. पहाटे उठून ह्यांनी तो सगळा परत वेलींच्या तारेच्या मांडवावर चढवला, सुतळीनं बांधला, वर पाणी शिंपडलं. लांबून बाग खरंच हिरवी दिसत होती. मला हसावं का रडावं कळेना.

बार्शीची एस.टी. वाटेत बंद पडली आणि व्यापारी आले ते दुपारी दोनला. आमच्याकडचं दोनचं ऊन! बांधलेला पाला करपून तारेवरनं लोंबत होता. व्यापाऱ्यांनी बंगला फिरून पाहिला, तळघर पाहून तर खूश झाले. मग मांडवाखाली आले आणि चुकचुकले. बागेवर रोग पडलाय, उपटून ज्वारी पेरू, तळघरात कांदा भरू, म्हणाले. ह्यांची मान खाली. घागरीनं पाजलेल्या वेली त्या.

मला राहवलं नाही. पदर खोचला, बांधलेला पाला ओढून खाली टाकला, एका काडीचं टोक कात्रीनं उडवून त्यांच्या पुढ्यात धरलं. आत हिरवंगार, ओलं.

"आण्णा, ह्यो रोग न्हाय, छाटनी हाय. पाला ह्यांनी तुमास्नी दाखवाय बांदला व्हता. ईस दिसांनी या. घड दिसला न्हाय तर मी सोता कुऱ्हाड आनून देते."

ते काडी नखानं खरवडून बघून, बरं म्हणून गेले. मी बोलून बसले खरी, आता रोज पहाटे उठून काड्या चाचपायची. ह्यांनी तर माझ्याशी बोलणंच टाकलं. चारचौघांत नाक कापलं ना मी! दहा दिवस बागेत नुसत्या काड्या. बाराव्या दिवशी डोळे फुगले, पंधराव्याला फुटले, आणि विसाव्या दिवशी फुटव्याफुटव्याला मोहरीएवढ्या कळ्यांचा घड.

व्यापारी आले. धोतराचा सोगा हातात धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत वाकून वाकून फिरले. मग ह्यांच्यापुढं उभे राहिले.

"छाटनी कुनाची? त्योच हात हितं राहनार आसंल, तर बागंसकट घेतो."

हे 'माझी' म्हणाले असते तर कोण खोटं म्हणणार होतं? गड्याचंच काम ते. मीसुद्धा बोलले नसते.

हे म्हणाले, "हिची. मी निस्ता पाला बांदनारा."

लग्नात माझं नाव घेतानाही ह्यांची मान एवढी ताठ नव्हती.