आपांचा हात आणि रेडिओ

माझे थोरले काका, आपा, देवबागला आल्यागेल्याचं स्वागत पाठीत धपाटा घालून करत. माझ्या पाठीला आलेला बाक वाचनाने आला असं मी बाहेर सांगतो; घरच्यांना खरं कारण ठाऊक आहे. दार अडलं तर लाथ, बैल अडला तर चाबूक, भाऊ अडला तर थोबाडीत. "मार पडल्याशिवाय खंयचाच वठणीर येणा नाय," हे त्यांचं तत्त्वज्ञान.

एकोणीसशे साठच्या सुमारास घरात बॅटरीवरचा रेडिओ आला, त्यालाही हाच न्याय. खरखरला की थप्पड. आणि तो मुकाट लागायचाही! काकूने त्याला भरतकामाचं झाकण घालून हवेची भोकं बुजवली होती, तो तापायचा. दसऱ्याला आपांनी त्याच्यापुढे इतक्या त्वेषाने नारळ फोडला की निम्मं पाणी पेटीत गेलं. शेवटी मालवणहून मेस्त्री आला. आत खाऱ्या हवेने हिरव्या पडलेल्या तारा, मुंग्या, आणि खिळखिळा झालेला काचेचा व्हॉल्व्ह.

"आपानू, मीठ पुसूक येता, मुंगयो झाडूक येतत," तो म्हणाला, "तुमच्या हाताक माझ्याकडे औषध नाय. आणखी एक थापट, की ह्यो गेलो."

पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर आपांशी भांडून माझे वडील होडी घेऊन समुद्रात गेले आणि वादळ आलं. माड कडाकड मोडत होते, कौलं उडत होती. वादळ कुठे सरकतंय ते रेडिओवर सांगू लागले आणि नेमका तिथेच आवाज बुडाला. आईने आपांच्या हाताकडे पाहिलं. आपा दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. बराच वेळ बसले. मग राहवलं नाही. आत काच फुटल्याचा आवाज झाला, आणि घरात नुसतं वादळ उरलं.

दुसऱ्या दिवशी डोलकाठी मोडलेली होडी किनाऱ्याला लागली. आपा लाटांत धावले आणि समुद्राने न पाडलेला वडिलांचा दात त्यांनी एका थपडेत पाडला. मग ओल्या वाळूतच बसले. "तुका काय झाला असता, तर मी मारतलंय कोणाक रे?"

त्यानंतर त्यांचा हात कुणावर उठला नाही. अडलेलं दार सुताराने तासलं. मी मात्र सवयीने पाठ आवळूनच त्यांच्यासमोर जात असे.

काही वर्षांनी आपा अंथरुणाला खिळले. शेवटच्या दिवशी वडिलांनी त्यांच्या हाताशी गाल नेला. "आपा, मार बघया."

हात कसाबसा उचलला गेला, आणि गालावर नुसताच राहिला.