मोजणीत सापडलेली इसोए

जपानातल्या कुमानोच्या डोंगरातली ती खिंड आता बंद आहे. बंद म्हणजे कुणी कुलूप घातलेलं नाही. कुणी जातच नाही, म्हणून नेच्यांनी वाट गिळली. खालून बोगदा आहे, बस आहे. बोगदा नव्हता तेव्हा किनाऱ्यावरच्या नागाउराची सुकी मासळी डोंगरापलीकडच्या कुरिदानी गावात पोचायची ती बायकांच्या पाठीवरून, आणि त्यातली सगळ्यांत दणकट पाठ होती इसोएची.

पाठीबद्दल तिची तक्रार नव्हती. तक्रार होती तोंडाबद्दल. कपाळ पुढे आलेलं, डोळे बारीक आणि एकमेकांपासून लांब, खालचा ओठ वरच्यावर चढलेला. शाळेत कुणीतरी तिला ओकोझे म्हटलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. ओकोझे हा आमच्या समुद्रातला मासा. दिसायला दगड, अंगभर गाठी, पाठीवर विषारी काटे, आणि तोंड असं की जाळ्यात आला की कोळी आधी हसतात, मग शिव्या घालतात. चवीला फार चांगला, पण नाव ठेवणाऱ्यांना चवीशी काय करायचं होतं? लग्नाच्या बोलण्यांसाठी फोटो हवा होता, तर ही स्टुडिओच्या दारातून परत आली. आई रागावली, मावशीने तासभर समजावलं. डोक्याचं फडकं भुवयांपर्यंत ओढून इसोए मासे खारवत बसली.

मग आईचे गुडघे गेले आणि टोपली हिच्याकडे आली. पहिल्याच खेपेला तिला कळलं की आई इतकी वर्षं न कुरकुरता ही चढण का चढत होती. नागाउराची शेवटची घरं मागे पडली की देवदार सुरू व्हायचे. उंच, काळपट, गप्प. तिथं पोचल्यावर ती फडकं सोडून गळ्यात टाकायची आणि उघड्या तोंडाने चालायची. ओढ्याकाठी बसून भाताचा गोळा खायची, मनात येईल ते मोठ्याने गायची. पलीकडे उतरताना फडकं पुन्हा डोक्यावर. कुरिदानीत तिला सगळे ‘मासळीवाली ताई’ म्हणत. तोकू नावाच्या म्हातारीकडे ती मुक्कामाला असे. बांगडे देऊन चेस्टनट आणि वाळवलेली अळंबी घेऊन दुसऱ्या दिवशी परत. तिचं दुसरं नाव तिथं कुणाच्या कानावर नव्हतं. ही वाट गेली असती तर तिच्या वाट्याला नुसतं नागाउरा उरलं असतं.

आता गंमत बघा. कुरिदानीची डोंगरदेवी रूपाने फार वाईट, असं तिथले लोक मानतात, आणि म्हणून मत्सरी. बाई दिसली की बिनसतं. त्यामुळे तिच्या सणाला बायकांना बंदी. देवीच्याच दारात बायकांना बंदी, कारण म्हणे देवीचा स्वभाव; आणि हे ठरवणारे सगळे बाप्ये. असो. लाकूडतोड सुरू करण्याआधी तिला खूश करायला ओकोझे दाखवतात. वाळवलेला मासा कागदात गुंडाळायचा, फक्त तोंड बाहेर काढायचं, आणि सगळ्या पुरुषांनी मिळून तीनदा मोठ्याने हसायचं. आपल्याहून कुरूप कुणी आहे हे बघून देवीही हसते, आणि हसली की झाडं मागून घेता येतात. तो मासा दर वर्षी इसोएच्याच टोपलीतून जाई, आणि आदल्या वर्षीचा तिच्याच टोपलीतून समुद्रात परत येई. आपल्या नावाचा मासा ती मुकाट वाहत होती.

सणाच्या त्याच दिवशी देवी आपली झाडं मोजते. त्या दिवशी रानात कुणी पाऊल टाकत नाही. जो सापडेल तो झाड म्हणून मोजला जातो, आणि मोजलेलं सगळं डोंगराचं.

सण जुन्या पंचांगाप्रमाणे अकराव्या महिन्याच्या सप्तमीला असे. महायुद्ध संपून काही वर्षं झाली होती. सगळीकडे सणवारही नव्या कॅलेंडरने होऊ लागले होते. त्या वर्षी कुरिदानीच्या तरुणांनी सभा घेऊन सण नव्या तारखेवर आणला, सात नोव्हेंबरला. म्हणजे महिनाभर आधी. डोंगराच्या या बाजूला कळवायचं कुणाला सुचलं नाही. नागाउराच्या होड्यांनी अजून ओकोझे धरलाच नव्हता. आणि सात नोव्हेंबरला इसोए नेहमीचे बांगडे घेऊन, गात गात, देवीच्या रानातून चालत होती.

वाट उतरते ती थेट रानाच्या कडेला, देवी म्हणून पुजल्या जाणाऱ्या दगडामागे. तिथं गावातले झाडून सगळे पुरुष उभे होते, मासा पोचला नाही म्हणून आदल्या दिवसापासून नागाउराला शिव्या देत. त्यांच्यासमोर रानातून एक तरुण बाई बाहेर आली.

“तिथंच थांब,” गेम्पेइ म्हणाला. तो लाकूडतोड्यांचा मुकादम, साठीचा, आणि सभेत नव्या तारखेला विरोध करणारा एकटा.

इसोएला वाटलं आपण कशावर तरी पाय दिला. मग एकेकाच्या बोलण्यातून तिला उमगलं. आपण मोजले गेलो. कुणी म्हणालं, हिला नदीकाठच्या लांबच्या रस्त्याने रेल्वेपर्यंत पोचवा आणि पुन्हा या डोंगरात पाऊल टाकू देऊ नका. कुणी म्हणालं, यापुढे नागाउराची कुणीच बाई खिंडीतून नको. माना डोलू लागल्या. इसोएने टोपलीचे पट्टे घट्ट धरले.

बायकांसाठी हद्द म्हणून बांधलेल्या गवताच्या दोरापलीकडे बायका उभ्या होत्या. त्यांतून तोकू आजीचा आवाज आला, “गेम्पेइ, तारीख तुम्ही बदललीत. देवीला कुणी सांगितलं होतं का? ती पुढच्या महिन्यात मोजणार असेल तर?”

“आजी, तू गप बस.”

“बसते. माझं काय जातंय? पोरीचं जातंय.”

गेम्पेइला ते लागलं, कारण त्याच्याही मनात तेच होतं. त्याने सांगितलं की उपाय एकच: देवीला हसवायचं आणि हे एक झाड मागून घ्यायचं. पण त्याला मासा हवा.

“आणलायस?” त्याने विचारलं.

“नाही,” इसोए म्हणाली. मागे रान होतं, पुढे हे सगळे, आणि वाट दोघांच्या मध्ये. “मासा नाही, पण नागाउरात मला ओकोझेच म्हणतात. शाळेपासून.”

कुणी हसलं नाही. सगळ्यांनी सभ्यपणे जमिनीकडे बघितलं, आणि ते हसण्याहून वाईट होतं. गेम्पेइ सभ्य नव्हता. त्याने तिच्याकडे नीट बघून घेतलं.

“फडकं काढ,” तो म्हणाला.

एक तरुण पुटपुटला की बाईला दगडासमोर कसं उभं करायचं. तोकू आजी तयारच होती. “आता ती बाई कुठली? झाड आहे म्हणालात ना? मग झाडाला कसली बंदी?”

दगडापुढे येऊन इसोए त्याच्याकडे वळली. गुडघ्याएवढा, शेवाळलेला साधा दगड. तिने फडकं सोडलं. मागे पुरुष हसले, पण ते हसणं खोकल्यासारखं निघालं. हुकुमावरून हसणं सोपं नसतं. असं हसून कुठली देवी हसणार? शेवटी इसोएलाच राहवलं नाही. तिने हजार वेळा तो मासा जाळ्यातून सोडवला होता, तो कसा दिसतो हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? तिने गाल फुगवले, खालचा ओठ नाकाकडे नेला, डोळे फाकवले आणि मान वळवून सगळ्यांकडे बघितलं.

दुसरं हसणं झाडांवरचे पक्षी उडवणारं होतं. तिसरं कुणाला सुरू करावंच लागलं नाही. तोकू आजी दोरावर ओणवी होऊन पोट धरत होती, आणि सगळ्यांत मोठ्याने इसोए हसत होती.

“यातलं एक झाड आम्हांला दे,” गेम्पेइ डोळे पुसत ओरडला. “चालतं फिरतं आहे, नागाउराचं आहे.”

इसोए नंतर सांगायची, “मला वाटलं, देवी मला हसलीच नाही. बिचारीने वर्षभर उंच, सरळ, देखणे देवदारच बघायचे. आपल्यासारखं तोंड घेऊन कुणी आलं म्हणून तिला बरं वाटलं असेल.”

वाट राहिली. कुरिदानीच्या सणात एक भर पडली: हसून झालं की गेम्पेइ रानाकडे तोंड करून नागाउराचं झाड मागून घेई. पुढल्या सणाला ओकोझे वेळेवर पोचला, तरी साकेचा दुसरा पेला पोटात गेला की पोरं म्हणायची, “मासा राहू दे, ताई, तूच कर.” ती करायची. नागाउरात कुणी “ए ओकोझे” म्हटलं तर “काय हवंय?” म्हणून वळायची. फोटोही काढला, फडक्याशिवाय. तो बघून शेजारच्या बंदरातल्या होड्या बांधणाऱ्या एकाने होकार दिला. माणूस चांगला, घोरायचा फार.

बोगदा झाला, मासळी ट्रकने जाऊ लागली, कुरिदानीची पोरं ओसाकाला गेली. गेम्पेइ वारला, तोकू आजी त्याच्याही आधी. दर वर्षी हसणारे कमी झाले, मग खोकणारेच जास्त. सणाला बसने येऊन इसोए बोगद्याच्या पलीकडच्या तोंडाशी उतरायची आणि उरलेल्या वाटेने वर चढायची. एका वर्षी दगडापाशी कुणीच नव्हतं. तिने कागदातला मासा ठेवला, ते तोंड करून दाखवलं, एकटीच तीनदा हसली आणि रानाकडे वळून म्हणाली, “यातलं एक झाड मी नेतेय.”

उत्तराची वाट न बघता ती उतरू लागली, कारण परतीची बस चुकली असती.